रिकरन्सला ऑपरेशन म्हणजे सरसकट 'धंदा'?

नौपाडा_नाका:
काल ठाण्याच्या ग्रुपवर घोडबंदरकरांनी पोस्ट टाकली की ओव्हरीचा कॅन्सर परत आला (रिकरन्स) की ऑपरेशन हा निव्वळ बिल फुगवायचा धंदा, अमेरिकेत सिद्ध झालंय, केमो घ्या नि गप्प बसा. ते इथेही असतात म्हणून इथेच लिहिते, कारण ते वाचून माझी जाऊ रात्रभर झोपली नाही, तिची ऑपरेशनची तारीख लागलीय.

ती अमेरिकेची ट्रायल म्हणजे जीओजी २१३, २०१९ ची. ऑपरेशनवाल्या गटात जगण्याचा मीडियन (निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या) ५०.६ महिने, बिनऑपरेशनच्या गटात ६४.७. मान्य. पण तिथे कोणाला घ्यायचं ते सर्जनच्या अंदाजावर होतं! २०२१ च्या डेस्कटॉप ३ ट्रायलमध्ये आधी चाळणी, म्हणजे स्कोअर लावला. केमो संपून सहा महिने तरी झालेत का, पहिल्या वेळी सगळं निघालं होतं का, बाई हिंडतीफिरती आहे का, पोटात पाणी अर्ध्या लिटरच्या वर नाही ना. तिथे निकाल उलटा, ऑपरेशन ५३.७ आणि नुसती केमो ४६. ज्यांचं सगळं निघालं त्यांचे ६१.९, ज्यांचं उरलं त्यांची अडीच वर्षंही नाहीत. म्हणजे प्रश्न करायचं की नाही हा नाहीच, कोणाचं करायचं हा आहे.

घोडबंदरकर:
आकडे आम्हालाही वाचता येतात ताई. जीओजीत ज्यांचं सगळं निघालं त्यांचेही ५६ च महिने, हे बरं गाळलंत. आणि ६१.९ ची तुलना उरलेल्यांशी करणं फसवं आहे, ज्यांचा आजार कमी त्यांचंच सगळं निघतं, त्या तशाही जास्त जगल्या असत्या. चीनच्या सॉक १ ट्रायलमध्ये तर स्कोअर आणि पेट स्कॅन (अंगात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा) दोन्ही लावून निवडलं, तरी ५८.१ आणि ५२.१, ठाम सांगावं इतका फरक नाही.

माझ्या आईला पेट न करताच तारीख दिली. पोट उघडलं तर आतड्यावर सगळीकडे बारीक दाणे, तसंच शिवून बाहेर आणलं. टाके भरेपर्यंत केमो लांबली. बिल मात्र पूर्ण ऑपरेशनचं. आता सांगा धंदा नाही तर काय?

कोपरखैरणे_सुनबाई:
बिलाचं काढलंत ते बरं झालं. सासूबाईंच्या पॉलिसीत रूम रेंट ५ हजारपर्यंत, आणि खोली मिळाली ८ हजारांची, तर टीपीएने (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीने) सर्जनची फी, ओटी, सगळंच त्या प्रमाणात कापलं. कॅशलेस म्हणे! डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ आली होती.

वाशी_भूलतज्ज्ञ:
घोडबंदरकर, सॉक १ मध्ये नुसत्या केमोच्या गटातल्या बऱ्याच जणींचं पुढच्या रिकरन्सला ऑपरेशन झालं होतं, त्याने फरक पुसट होतो. जीओजीत बहुतेकींना केमोसोबत बेव्हासिझुमॅब हे औषध मिळालं होतं, ते तुमच्या-आमच्या इथे किती जणींना परवडतं? बाकी तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते निवड न करता केल्याचंच उदाहरण आहे, म्हणजे तुम्ही नौपाड्याच्याच बाजूने बोलताय.

आणि नौपाडा, स्कोअरमध्ये बसली नाही म्हणून तिला ऑपरेशन नाहीच, असंही नसतं. न बसलेल्या काहींचंही सगळं निघतं. तिथे सर्जनचा हात आणि ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या डॉक्टरांची केसवरची बैठक) बघायचा.

घोडबंदरकर:
वा! म्हणजे बसली तर करा, नाही बसली तरी करा. डॉक्टर कधी चुकतच नाहीत.

वाशी_भूलतज्ज्ञ:
मी असं म्हटलंय का? पुन्हा वाचा. मी टेबलाच्या डोक्याशी उभा असतो, अर्धवट सोडलेली पोटं तुमच्यापेक्षा जास्त पाहिलीत.

मुलुंड_चेकनाका:
सुनबाई, ८ हजारांची खोली घेतलीतच कशाला, ट्विन शेअरिंग मागायची. सही करताना वाचायचं नाही आणि मग टीपीएच्या नावाने खडे फोडायचे.

कोपरखैरणे_सुनबाई:
तुमच्या घरची बाई उलट्या करत ॲडमिशन काउंटरसमोर बसली ना की मग या, बघू किती वाचता. ट्विन शेअरिंग फुल्ल होतं.

ऐरोली_सेक्टर:
अहो भांडू नका. औषधं, कन्झ्युमेबल्स, तपासण्या आणि आयसीयू यांवर ते प्रमाणातलं कापणं चालत नाही, आयआरडीएआयचा (विम्याच्या सरकारी नियामकाचा) २०२० चा नियम आहे. टीपीएशी नाही, कंपनीच्या ग्रीव्हन्सला लिहा, मग विमा लोकपाल. आमचे औषधांचे पैसे परत मिळाले.

कोपरखैरणे_सुनबाई:
खरंच? अर्जाचा नमुना टाका ना.

मुलुंड_चेकनाका:
मलाही. (हो, हसा.)

नौपाडा_नाका:
धागा कशाचा होता, कुठे गेला! घोडबंदरकर, आईंचं वाईट झालं, ते मी नाकारत नाही. पण त्या रागात सगळ्यांना घाबरवू नका. जावेच्या पहिल्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'डिबल्किंग केले' (म्हणजे गाठी काढल्या) एवढी अर्धी ओळ होती, मागे काही उरलं का ते कुठेच नाही. जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून ऑपरेशन नोट काढली, त्यात शेवटी 'डोळ्यांना दिसेल असं काही उरलं नाही' लिहिलेलं. ते बघून मग पेट, मग खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटाच्या कॅन्सर केंद्रात) दुसरं मत, नंतर तारीख.

घोडबंदरकर:
बरं बाई, तुमच्या जावेचं रीतसर चाललंय, जिंकलात. पोस्टमध्ये 'बहुतेक ठिकाणी' एवढं घालतो, उडवणार नाही. मावशीची फाईल आलीय पुन्हा माझ्याकडेच, ती ऑपरेशन नोट मिळायला अर्ज कोणाच्या नावाने करायचा?

नौपाडा_नाका:
मेडिकल सुपरिंटेंडंटच्या. पेशंटची सही आणि आधारची झेरॉक्स लावा, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.