पिळवणूक खरी, पण गोष्ट तेवढीच नाही

श्रीमंत देशांचे कारखाने गरीब देशांत आले की नुसती पिळवणूक होते, असं बरेचदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

बांगलादेशच बघा. १९७९च्या सुमारास तिथल्या 'देश गारमेंट्स' या कपडे शिवणाऱ्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० जणांना शिकायला कोरियात पाठवलं. पुढे त्यातल्या बहुतेकांनी ती नोकरी सोडली. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. मशीन विकत मिळतं हो, पण ऑर्डर कशी घ्यायची, माल वेळेत बंदरावर कसा पोचवायचा, हे हाताखाली राहूनच येतं. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला.

आणि त्याच देशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेवर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं. हे विसरून विकासाचं कौतुक करणं मला जमत नाही.

आमच्या सोलापुरातही टॉवेल परदेशी जातात. साखर पेठेत माझी मावशी टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर मजुरी. दिवसभर सुताची धूळ नाकातोंडात, संध्याकाळी पापण्यासुद्धा पांढऱ्या. काम हवंच आहे तिला. पण वीस वर्षांत तिला कडा शिवण्यापलीकडे कुणी काही शिकवलं नाही, याचा मला फार राग येतो.