जुन्या हायब्रिडची बॅटरी: अख्खा पॅक बदलू का?

मंडळी, सल्ला हवाय. माझी सेकंडहँड घेतलेली हायब्रिड सेडान परवा 2,10,000 किमी पार झाली. रोज बोरिवली ते अंधेरी. हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून मोटरवर सरकते, तिथे हिला तोड नाही. वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते, त्यामुळे ब्रेक पॅडही फार झिजत नाहीत.

गेल्या महिन्यापासून मात्र चार्जचे बार पाच मिनिटांत सातवरून दोनवर येतात आणि मागच्या सीटजवळचा बॅटरीचा पंखा घरघरतो. जाळी काढून बघितली तर आत बोटभर धूळ आणि आमच्या मोत्याचे केस! साफ केल्यावर थोडा फरक पडला. सर्व्हिस सेंटरवाला मात्र न तपासताच म्हणतो, अख्खा पॅक बदला.

निकेल-मेटल हायड्राइड पॅकमधली कमजोर मॉड्यूल्स (पॅक ज्या छोट्या बॅटऱ्या जोडून बनतो त्या) तेवढीच बदलून घेतलीत का कुणी? जुन्यांत एखादं नवं घातलं की किती टिकतं? ठाण्यापर्यंत कुणी लोड देऊन एकेका मॉड्यूलचं व्होल्टेज मोजून देतं का? इन्व्हर्टरचा (बॅटरीचा डीसी करंट मोटरसाठी एसी करणारा भाग) वेगळा कूलंट, म्हणजे तो थंड ठेवणारा द्रव, मी कधीच बदललेला नाही, तोही आताच उरकून घेऊ का?

‘विकून टाक’ सोडून काहीही सांगा, ते बायको रोज सांगते.