प्रॉप २ आणि आपल्या शाळांची छपरं

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक पालक
दिनांक: ऑक्टोबर २०२४

नमस्कार, मराठी मंडळाच्या लिस्टवरची मंडळी,

मतपत्रिका परवा टपालानं आली. नागरिक झाल्यावरचं माझं हे पहिलंच मतदान, त्यामुळे शांतपणे सगळं वाचायला बसले आणि प्रॉप २ (प्रपोझिशन २, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला राज्याचा प्रस्ताव) पाशी अडले. सार्वजनिक शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींसाठी कॅलिफोर्निया राज्यानं १० अब्ज डॉलरचे रोखे (बाँड, म्हणजे कर्ज) काढावेत का, असा प्रश्न आहे. त्याच मतपत्रिकेवर खाली आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (इथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं) वेगळं मेझर, म्हणजे स्थानिक प्रस्ताव, आहे, तेही शाळांच्या इमारतींसाठीच. एकाच कामाला दोनदा पैसे का मागतायत? आणि दोन्हींचा बोजा आमच्या प्रॉपर्टी टॅक्सवर येणार का?

माझा मुलगा पोर्टेबल वर्गात, म्हणजे शाळेच्या आवारात आणून ठेवलेल्या तयार खोलीत, बसतो. मागच्या हिवाळ्यात पाऊस लागला की त्यांच्या बाई कोपऱ्यात बादली ठेवत. त्यामुळे ‘हो’ म्हणावंसं वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर मत द्यायचं नाही. कुणी नीट सांगेल का?

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार

ताई,

पहिल्या मतदानाबद्दल अभिनंदन. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या बाँडवर देखरेख करणाऱ्या नागरिक समितीत चार वर्षं होतो, म्हणून थोडं लांबवून लिहितो.

पैसे दोनदा मागत नाहीत, एकाच खर्चाचे दोन हिस्से आहेत. पद्धत अशी की नवी इमारत बांधायची तर निम्मा खर्च राज्याचा, निम्मा डिस्ट्रिक्टचा. जुन्या इमारतीचं आधुनिकीकरण असेल तर राज्याचे ६० टक्के, डिस्ट्रिक्टचे ४०. डिस्ट्रिक्ट आपला हिस्सा बहुतेक वेळा स्थानिक बाँडमधून उभा करतो. राज्याच्या तिजोरीत पैसा नसेल तर डिस्ट्रिक्टचं काम अर्धवट राहतं किंवा रांगेत पडून राहतं. डिस्ट्रिक्टकडे बाँड नसेल तर राज्याचा पैसा असूनही बहुतेक वेळा उचलता येत नाही.

फेड मात्र दोन वेगळ्या खिशांतून होते. राज्याचे रोखे राज्याच्या जनरल फंडातून फिटतात. तो फंड मुख्यतः इन्कम टॅक्स आणि सेल्स टॅक्सवर चालतो. प्रॉप २ मुळे तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात एक ओळही वाढणार नाही. स्थानिक मेझरमुळे वाढेल. युनिफाइड डिस्ट्रिक्टला (प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंतच्या सगळ्या शाळा चालवणाऱ्याला) एका मेझरमध्ये दर लाख डॉलर करपात्र किमतीमागे वर्षाला जास्तीत जास्त ६० डॉलर लावता येतात.

‘करपात्र किंमत’ म्हणजे बाजारभाव नव्हे, हे आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. १९७८ च्या प्रॉप १३ नुसार घर घेतलं तेव्हाची किंमत धरतात आणि ती वर्षाला फार तर २ टक्के वाढते. तुमचं घर १२ लाखांना लागलं असेल तर वरच्या दरानं ७२० डॉलर. शेजारच्या आजी चाळीस वर्षं तिथंच राहतात, त्यांची किंमत ३ लाख धरली तर १८० डॉलर. गल्ली एक, शाळा एक, आणि अलीकडे आलेल्या कुटुंबावर चौपट भार. मला हे अन्याय्य वाटतं, पण तो प्रॉप १३ चा प्रश्न आहे, त्यासाठी शाळेला शिक्षा नको.

१० अब्जांतले साडेआठ शाळांना, दीड कम्युनिटी कॉलेजांना. शाळांच्या वाट्यातले ४ अब्ज आधुनिकीकरणाला, ३.३ अब्ज नव्या बांधकामाला, उरलेले चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि व्यवसाय-शिक्षणाच्या सोयींना निम्मे-निम्मे. पिण्याच्या पाण्यातलं शिसं काढण्यासाठीही त्यात तरतूद आहे.

मी ‘हो’ म्हणणार आहे. यापूर्वीचा राज्याचा शाळा-बाँड, ९ अब्जांचा, २०१६ साली मंजूर झाला. मार्च २०२० मध्ये १५ अब्जांचा मतदारांनी नाकारला. योगायोगानं त्याचाही क्रमांक १३ होता. म्हणजे आठ वर्षांत राज्याचा नवा शाळा-बाँड आलेला नाही, आणि छपरं काही मतदानासाठी थांबत नाहीत.

प्रेषक: एक सभासद (व्हिसावर, मत नाही)

काका, माफ करा, पण हिशेब पुरा मांडा. १० अब्ज घेतले की १० अब्जच फेडायचे असं नाही. मतदार-पुस्तिकेत राज्याच्या विश्लेषकांचा अंदाज आहे: वर्षाला साधारण ५० कोटी डॉलर, ३५ वर्षं. म्हणजे साडेसतरा अब्ज. माझी मुलगी पहिलीत आहे. हे कर्ज फिटेल तेव्हा ती चाळिशीत असेल.

स्थानिक बाँडची गोष्ट याहून वाईट होऊ शकते. सॅन डिएगो परगण्यातल्या पॉवे डिस्ट्रिक्टनं २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर घेतले, आणि फेड जवळपास ९८ कोटींची! पहिली वीस वर्षं काहीच भरायचं नाही, व्याज मुद्दलावर चढत राहायचं, अशा प्रकारचे रोखे होते ते. ज्यांनी ठरवलं त्यांच्या कारकिर्दीत हप्ता नाही, पुढच्यांच्या गळ्यात धोंड.

आणि राज्याचा पैसा जातो कुठे? जो आधी अर्ज करील त्याला. श्रीमंत डिस्ट्रिक्टकडे सल्लागार, आर्किटेक्ट, तयार नकाशे. त्यांचा ४० टक्के हिस्साही लगेच उभा राहतो, कारण घरंच महाग. बर्कलीच्या अभ्यासकांनी दाखवलंय की विद्यार्थ्यामागे जास्त मालमत्ता असलेल्या डिस्ट्रिक्टना आधुनिकीकरणाचा पैसाही जास्त मिळत आला आहे. २०१६ च्या बाँडला गव्हर्नर जेरी ब्राउन यांचाच विरोध होता, आणि त्यांचाही एक आक्षेप हाच होता. मी इन्कम टॅक्स भरतो, सेल्स टॅक्स भरतो, घर घेतलंय म्हणून प्रॉपर्टी टॅक्सही भरतो. मत नाही, म्हणून निदान इथं तरी बोलतो.

प्रेषक: एक शिक्षिका, सार्वजनिक शाळा, सतरा वर्षं

दादा, तुमचा राग मला समजतो. पण व्याजाचा आकडा एकटा बघू नका. विश्लेषकांनी तिथंच लिहिलंय की वर्षाचा हप्ता राज्याच्या जनरल फंडाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

मी वर्गातून लिहितेय. आमच्याकडे सप्टेंबरात एसी बंद पडला की मुलं दुपारी डोकं बाकावर टेकवतात. शिकवणं जवळजवळ थांबतंच. अशा इमारती दुरुस्त करायला जितका उशीर होईल तितका बांधकामाचा खर्च वाढतो, तो कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नसतो.

आणखी एक. १९३३ च्या १० मार्चला लाँग बीचला भूकंप झाला. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, मुलं घरी गेलेली होती. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या, शंभराहून जास्त शाळांचं मोठं नुकसान झालं. भूकंप काही तास आधी झाला असता तर काय, हा विचार तेव्हाच्या लोकांना झोपू देईना. महिन्याभरात फील्ड कायदा झाला. तेव्हापासून इथल्या सार्वजनिक शाळांचे नकाशे राज्याच्या आर्किटेक्टच्या कार्यालयातून मंजूर होतात आणि बांधकामावर निरीक्षक असतो. शाळा बांधणं इथं महाग पडण्यामागे हेही एक कारण आहे. मला हा खर्च मान्य आहे. मी त्या छपराखाली तीस मुलांना घेऊन बसते.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार

दादांचं बरंचसं खरं आहे, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पॉवेसारखी प्रकरणं उजेडात आल्यावर २०१३ मध्ये कायदा बदलला. आता तशा रोख्यांची मुदत २५ वर्षांच्या पुढे नेता येत नाही आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीहून जास्त ठेवता येत नाही. चौपटही मला जास्तच वाटते.

श्रीमंत-गरीब डिस्ट्रिक्टच्या मुद्द्यावर प्रॉप २ नं थोडी हालचाल केली आहे. गरजू डिस्ट्रिक्टना आधुनिकीकरणात ६० ऐवजी ६५ टक्क्यांपर्यंत आणि नव्या बांधकामात ५५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतील. लहान डिस्ट्रिक्टसाठी या दोन्हींतला १० टक्के पैसा राखून ठेवलाय. पाच टक्क्यांनी खरी दरी भरत नाही, हे मला कबूल आहे. तरी ‘नाही’ म्हटल्यानं सगळ्यात जास्त कोण अडकेल? ज्यांची जमीन स्वस्त, त्यांचीच मुलं. श्रीमंत डिस्ट्रिक्ट स्वतःच्या बाँडवर काम उरकतील.

समितीत असताना मला एका गोष्टीनं छळलं. ३० वर्षांचं कर्ज काढून १० वर्षं टिकणारी वस्तू घ्यायची नाही. इमारत, पाया, जिना, भूकंपासाठीचं मजबुतीकरण, याला बाँड रास्त आहे, कारण जी मुलं पंचवीस वर्षांनी तिथं बसतील त्यांच्या आईवडिलांनी तेव्हा हप्ता भरणं योग्यच. पण टॅब्लेट, कार्पेट, रंग? आमच्या यादीत अशा ओळी होत्या. मी दोन बैठकांत हरकत नोंदवली, तिसऱ्यांदा त्यातल्या काही निघाल्या.

रोजची देखभाल हा वेगळा विषय. राज्याचा बांधकाम-पैसा घेणाऱ्या डिस्ट्रिक्टनं सर्वसाधारण खर्चाच्या ३ टक्के रक्कम देखभालीसाठी बाजूला ठेवायची असते. ती रक्कम कुठं खर्च झाली, हे विचारायला कुणी जात नाही. गटार तुंबलं, पत्रा सडला, मग छत बदलायची वेळ येते आणि ते छत बाँडमध्ये येतं. ताई, बादलीची सुरुवात बहुधा तिथून झाली असेल.

प्रेषक: एक सभासद (व्हिसावर, मत नाही)

काका, समितीत काय अधिकार असतात? मला वाटायचं ती शोभेची असते.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार

पैसे अडवण्याचा अधिकार नाही, तो निवडून आलेल्या शाळा-मंडळाकडे. पण २००० च्या प्रॉप ३९ नं स्थानिक बाँडसाठी दोन तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतं पुरेशी केली, तेव्हा बदल्यात अटी घातल्या: कामांची यादी आधी जाहीर, दरवर्षी दोन ऑडिट, आणि नागरिकांची समिती. किमान सात जण, त्यात एक पालक, एक ज्येष्ठांच्या संघटनेतून, एक करदात्यांच्या संघटनेतून. ऑडिट समितीपुढे येतं आणि समिती लोकांना सांगते. आमच्या समितीच्या बैठकीला चार वर्षांत बाहेरचे लोक मी मोजले ते अकरा. बैठक खुली असते. तिथं कुणी मतदार-कार्ड विचारत नाही.

प्रेषक: मंडळ, लिस्टचे संयोजक

एक आठवण: मंडळ करमुक्त संस्था असल्यानं मंडळाच्या नावानं कुठल्याही उमेदवाराचा प्रचार इथं चालणार नाही. मतपत्रिकेतल्या प्रस्तावांवर सभासदांनी आपलं मत जरूर मांडावं, मंडळाची भूमिका म्हणून ते पुढे पाठवू नये.

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक पालक

सगळ्यांचे आभार. प्रॉप २ ला ‘हो’ भरलं. स्थानिक मेझरची कामांची यादी काल रात्री वाचली, आमच्या शाळेपुढे ‘पोर्टेबल वर्ग बदलणे’ आहे, पण किती वर्ग ते लिहिलेलं नाही. तेवढं विचारून मग मत देईन.

डिस्ट्रिक्टची समिती येत्या मंगळवारी साडेसहाला भरतेय. मी जातेय. दादा, तुम्ही येताय का? गाडीत जागा आहे, आणि देखभालीच्या ३ टक्क्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात तर बरं होईल, मला बोलताना आवाज थरथरतो.

प्रेषक: एक सभासद (व्हिसावर, मत नाही)

येतो. मागच्या तीन वर्षांची ऑडिटं डिस्ट्रिक्टच्या साइटवर सापडली, छापून आणतो. काका, पहिल्यांदा कुठलं पान उघडायचं तेवढं सांगा.