तेलातली माशी आणि खाऱ्या तळ्यातली माशी

पेट्रोलियम माशीच्या अळ्या तेल खाऊन जगतात असं कुणी म्हणत असेल, तर ते तेवढं बरोबर नाही. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेया टार पिट्समध्ये (जमिनीतून वर आलेल्या कच्च्या तेलाची, डांबराची डबकी) त्या कच्च्या तेलात राहतात हे खरं, तेल पोटातही जातं पण त्यावर त्या पोसत नाहीत, खरं खाणं म्हणजे त्या डबक्यात पडून, चिकटून मेलेले किडे. आतडं तेलाने भरलेलं असूनही अळीला काही होत नाही हे मला तरी जास्त भारी वाटतं. गंमत म्हणजे मोठी झालेली माशी त्याच तेलावर आरामात चालते, पण पायाऐवजी दुसरं काही टेकलं की खेळ खलास.

आता हिची चुलतबहीण बघा, मोनो लेकची अल्कली माशी, कॅलिफोर्नियातलीच आणि कुळही तेच, इफिड्रिडी. पाणी समुद्राच्या जवळपास तिप्पट खारट, पीएच 10 च्या आसपास, म्हणजे भलतंच अल्कलीयुक्त. अळीचं खाणं साधं, शेवाळ वगैरे, पण असल्या पाण्यात विरघळलेलं कार्बोनेट (एक क्षार) अंगात येतं, त्याचं करायचं काय? तर तिच्याकडे त्याचा चुना बनवून साठवणारी ग्रंथीच आहे! आणि मोठी माशी अंडी घालायला, चरायला चक्क पाण्यात उतरते, अंगावरचे दाट केस आणि मेणामुळे भोवती हवेचा बुडबुडा धरला जातो, वर येते ती कोरडी ठणठणीत (2017 मध्ये यावर छान संशोधन आलं होतं). तेलवालीला हे स्वप्नातही जमणार नाही.

बाय द वे, मोनो लेकजवळचे मूळनिवासी कुत्झाडिका लोक या अल्कली माशीचे कोष गोळा करून खायचे.