शब्दचर्चा: वाळवंटी युद्धखेळात 'रसद' आटते, अडते की तुटते?

षट्कोनी

दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरच्या (१९४०-४३; एकीकडे ब्रिटिश, दुसरीकडे जर्मन आणि इटालियन) संगणकी युद्धखेळासाठी मराठी नियमपुस्तिका तयार होते आहे. षट्कोनी नकाशा, एक टर्न (खेळी) साडेतीन दिवसांचा, प्रत्येक युनिटच्या पुठ्ठ्यावर (म्हणजे पडद्यावरच्या सोंगटीवर) पुरवठ्याची टक्केवारी. तीन अवस्था दाखवायच्या आहेत: पुरवठा कमी, फारच कमी, बंद. सध्याच्या मसुद्यात तिन्हीकडे 'रसदेचा तुटवडा' एवढंच आहे आणि ते वाचून पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याला उमगत नाही. शिवाय नव्या तुकड्या नकाशावर येतात त्या खिडकीवर 'रसद आली' असं आहे. ते मलाच खटकतंय, पण नेमकं का ते सांगता येत नाही.

मोडीवाचक

शेवटचं आधी घेऊ. तुकड्या येतात ती कुमक. धान्य, वैरण, दारूगोळा येतो ती रसद. कुमक मूळची तुर्की, रसद फारसीच्या वाटेने आलेली; दोन्ही लष्कराबरोबरच मराठीत शिरल्या, पण कामं वेगळी. 'उमेदवाराला रसद पुरवली' हे वर्तमानपत्री रूपक चालतं, कारण तिथे पैसा म्हणजे दाणागोटाच. 'जादा पोलिसांची रसद मागवली' हे मात्र सरळ चूक. पोलीस कुणी खात नाही.

तुमच्या खेळात हा फरक शब्दांपुरता नाही. कुमक आली की खाणारी तोंडं वाढतात, म्हणजे असलेली रसद पातळ होते. 'रसद आली' वाचून खेळणारा खूश होणार आणि दोन टर्नांनी त्याच्या सगळ्या पुरवठ्याच्या पट्ट्या खाली आलेल्या असणार.

आपल्याकडचं उदाहरण पानिपतचं. अब्दालीची रसद मारायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि रसद बंद झाली ती आपली. १४ जानेवारी १७६१ ला छावणीतून बाहेर पडले ते उपाशी लोक.

अर्धविराम

तुटवड्याच्या शब्दांबद्दल. मराठीत उणेपणाला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं आहे, त्यातच अर्थ दडलाय. चणचण *भासते*: काम अडलेलं नसतं, हात आखडता घ्यावा लागतो. टंचाई *जाणवते* आणि *जाहीर होते*: ती अख्ख्या मुलखाची असते, म्हणून गाव टंचाईग्रस्त, माणूस टंचाईग्रस्त नाही. तुटवडा *पडतो*: माल कुठेतरी आहे, आपल्यापर्यंत येत नाही. वानवा *असते*, ती बहुधा चांगल्या माणसांची किंवा गुणांची, पेट्रोलची नव्हे. तूट *येते*, ती हिशेबाच्या वहीत. आणि खडखडाट *होतो*: डबा हलवला तर आवाज येतो, आत काही नाही.

तेव्हा तीन पायऱ्यांना चणचण, तुटवडा, खडखडाट. चढत्या क्रमाने बरोबर बसतात आणि तिन्ही शब्द पाचवीतल्या मुलालाही कळतात.

टिनपाट

पायऱ्या झकास आहेत, पण 'पुढे काय करायचं' हा मूळ प्रश्न तसाच राहिला. पायरी सांगते किती उणं आहे. का उणं आहे ते सांगत नाही. वाळवंटी मोहिमेत औषध कारणावर ठरतं. नामाच्या जोडीला क्रियापद द्या, तेही तीन: रसद आटली, रसद अडली, रसद तुटली.

आटली म्हणजे उगमालाच कमी. जहाजं बुडाली. ८-९ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री माल्टाहून (भूमध्य समुद्रातलं ब्रिटिशांचं बेट) निघालेल्या ब्रिटिश युद्धनौकांनी इटालियन ताफ्यातली सातही मालवाहू जहाजं बुडवली. २६ ऑक्टोबर १९४२ ला, इजिप्तमधल्या अलामीनची लढाई ऐन भरात असताना, 'प्रोसेर्पिना' हे तेलवाहू जहाज लिबियातल्या टोब्रुक बंदराजवळ बुडालं. पडद्यावरची खूण अशी की बंदरात बसलेल्या युनिटची पट्टीही उतरते, सगळ्यांची सारखी. इथे ट्रक इकडून तिकडे हलवून काहीही होत नाही. तोंडं कमी करा: पायदळाच्या तुकड्या मागे घ्या, हल्ला पुढे ढकला, आणि खेळात विमानदळ हाती असेल तर ते माल्टावर लावा.

अडली म्हणजे बंदरात ढीग, पुढे ठणठणाट. खूण: मागची युनिटं भरलेली आणि अंतर वाढेल तशी पट्टी पायरीपायरीने उतरती. नवखे इथेच फसतात, उगमाचा आकडा मोठा दिसतो म्हणून निर्धास्त राहतात. लिबियातल्या बेंगाझी बंदराची कागदावरची क्षमता दिवसाला २,७०० टन धरलेली होती. प्रत्यक्षात बॉम्बहल्ल्यांखाली ७००-८०० टन उतरले तरी पुष्कळ. उपाय म्हणजे ट्रक, पुढचं कोठार, किंवा जवळचं बंदर घेणं.

तुटली म्हणजे वाट कापली गेली. खूण: एकाच पुंजक्याची पट्टी धाडकन खाली, शेजारचा मात्र टवटवीत. बहुतेक वेळा वेढाबिढा काही नसतो; शत्रूची एखादी टेहळणीची चिलखती तुकडी पायवाटेशेजारच्या षट्कोनात येऊन बसलेली असते. तिला आधी हुसका, मगच बाकीच्यांची हालचाल करा. उलट क्रमाने केलंत तर टर्नअखेरीस पुरवठा मोजला जातो तेव्हा वाट बंदच सापडते.

षट्कोनी

हे तिन्ही थेट सूचनेच्या ओळीत घालता येतील. 'अडली'साठी एखादा आकडा द्या ना, अंतर किती जाचतं ते लोकांना पटत नाही.

टिनपाट

घ्या. जर्मन हिशेबात मोटारी असलेल्या एका डिव्हिजनला पाण्यासकट दिवसाला ३५० टन लागत. ट्रिपोली (लिबियाचं पश्चिमेकडचं बंदर) ते बेंगाझी किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण १,००० किमी, म्हणजे जाऊनयेऊन २,०००. तीन टनी ट्रक धरा, १०० किमीला ३२ लिटर, दिवसाला २०० किमी, माल चढवायला-उतरवायला दोन दिवस. एक फेरी १२ दिवसांची, पेट्रोल ६४० लिटर, वजनात अर्धा टन. पोचला अडीच टन. ३५० टन रोज पोचवायला १,६८० ट्रक सतत रस्त्यावर हवेत. तिसरा हिस्सा दुरुस्तीत धरला की अडीच हजार. एका डिव्हिजनला!

आता तेच ट्रिपोलीहून अलामीनला न्या. एकेरी २,२५० किमी, फेरी साडेचोवीस दिवसांची, ट्रक स्वतःच जवळजवळ १.१ टन पेट्रोल पिणार. पोचणार १.९ टन. ट्रक लागणार साडेचार हजार, दुरुस्तीतले वेगळे. अंतर सव्वादोन पट, ट्रक पावणेतीन पट. हा फरक जो आहे ना, तो ट्रकने रस्त्यात खाल्लेला माल. बैलाने वाहिलेली वैरण बैलानेच खावी तसं.

ट्रकचे कमानपाटे आणि टायर यांची झीज यात धरलेली नाही. खेळही बहुधा ती एकाच 'दुरुस्तीत' या आकड्यात गुंडाळतात.

मोडीवाचक

ओझं वाहणाऱ्या या ट्रकांसाठी जुना शब्द नाही का काही? बंजाऱ्यांचे तांडे लष्कराला धान्य पोचवत, ते आठवलं.

टिनपाट

तांडा छान आहे. 'युनिटी ऑफ कमांड २' या युद्धखेळात ट्रक वेगवेगळ्या हबवर (पुरवठ्याच्या ठाण्यांवर) वाटून द्यावे लागतात. तिथे 'या हबला दोन तांडे' म्हटलं की लगेच कळतं. तो खेळ आणखी एक गोष्ट शिकवतो: वाट तुटल्यावर पहिल्या टर्नला फारसं काही जाणवत नाही, मग दर टर्नला पकड आवळत जाते. म्हणून तुटली दिसली की त्याच टर्नला हातपाय हलवावेत, 'अजून तर लढतायत' म्हणत बसू नये.

अर्धविराम

तुमच्या तीन क्रियापदांत चौथं राहिलं: रसद उधळली. जहाजं आली, ट्रक आहेत, वाट मोकळी, तरी पट्टी खाली. 'ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर' हा खेळ घ्या. तिथे युनिट हललं की त्याचा साठा घटतो, लढलं की आणखी घटतो, आणि तयारीची टक्केवारी वेगळी पडते. दर टर्नला सगळी सेना चार षट्कोन पुढे, दोन मागे अशी नाचवली की दोष बंदराचा नसतो. या तयारीच्या टक्केवारीला मसुद्यात 'सज्जता' आहे. ती सरकारी कवायतीतली वाटते. मी 'दम' म्हणेन. युनिटला दम खाऊ द्या, दम उखडला, दम भरून आला. मराठीत सगळी क्रियापदं तयार आहेत.

व्यवहारात: एक तृतीयांश युनिटं प्रत्येक टर्नला जागेवर ठेवायची, तीही कोठाराजवळ. आघाडीवर बसवलेल्याला विश्रांती म्हणू नये, कारण तिथला स्थानिक पुरवठा कमी, म्हणून पट्टी नीट भरत नाही.

षट्कोनी

'दम' घेतला. 'स्टॉकपाइल'ला 'साठा' ठेवू?

मोडीवाचक

साठा नुसता असतो. ठरवून, पुढच्या अडचणीकडे बघून केलेली ती बेगमी. पावसाळ्याची बेगमी म्हणतो, पावसाळ्याचा साठा म्हणत नाही. हल्ल्याआधी पुढे नेऊन ठेवलेला माल म्हणजे हल्ल्याची बेगमी. १८ नोव्हेंबर १९४१ ला ब्रिटिशांनी 'क्रुसेडर' हा मोठा हल्ला सुरू केला त्याआधी वाळवंटात पुढे कोठारं भरली, इजिप्तमधल्या मर्सा मात्रूहच्या पुढे रेल्वे वाढवत नेली. बेगमी याला म्हणायचं.

आणि शत्रूचं कोठार हाती लागलं तर 'कही' हा शब्द सुचवणार होतो. लष्करातले लोक चारा-लाकूड आणायला बाहेर पडत ती कही.

टिनपाट

कही नको. कही मुलखावर जगते: शेत, झाड, गवत. इथे जमिनीत काहीच नाही, म्हणून तर सगळा खेळ किनाऱ्याच्या एका डांबरी रस्त्याला बांधलेला. शत्रूचं मिळालं ती सरळ लूट. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा जर्मन सेनानी रोमेलच्या हाती दोन हजारांच्या आसपास वाहनं आणि पेट्रोल लागलं, त्याच्या जोरावर तो इजिप्तमध्ये घुसला. खेळात याचा मोह घातक. लूट एकदाच मिळते, अंतर मात्र रोज भरावं लागतं. लुटीच्या पेट्रोलवर तीन टर्न धावून अलामीनसमोर खडखडाट, हा ठरलेला शेवट.

जाता जाता: टोब्रुकमध्ये अडकलेल्या ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. तिच्या पुठ्ठ्यावर तरी 'बटालियन' नको, 'पलटण' लिहा.

अर्धविराम

पेट्रोलच्या डब्याचं नाव 'जेरीकॅन' तसंच ठेवणार का?

टिनपाट

तसंच. शब्दातच गोष्ट आहे: 'जेरी' हे ब्रिटिश सैनिकांचं जर्मनांना ठेवलेलं नाव. जर्मन कॅन २० लिटरचा, जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, तीन मुठींचा. दोन माणसं एक भरलेला उचलू शकत किंवा एक माणूस दोन रिकामे एका हातात. ब्रिटिशांकडे होता तो चार गॅलनचा, म्हणजे १८ लिटरचा पातळ पत्र्याचा डबा. आपल्याकडचा घासलेटचा चौकोनी डबा डोळ्यांपुढे आणा, तोच घाट. ट्रकमध्ये एकावर एक रचून खडकाळ वाटेने नेला की सांधे उकलायचे आणि पेट्रोल गळायचं. १९७९ च्या 'कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' या पटावरच्या खेळाने इंधनाच्या घटीचा नियमच केला, ब्रिटिशांना जास्त घट. इटालियनांना पास्ता शिजवायला जादा पाणी, तो गमतीचा नियमही त्यातलाच. संगणकी खेळात अशी घट असेल तर ती पडद्याआड मोजली जाते, म्हणून ब्रिटिश बाजूने खेळताना पाठवलेल्या आणि पोचलेल्या टनांचा मेळ बसला नाही तर आधी हे बघावं.

त्या घटीला मराठी शब्द 'गळ' की 'घट'?

मोडीवाचक

घट. सोनार आणि वाणी दोघंही तेच म्हणतात. गळ माशांसाठी राहू दे.

नकाशावरच्या नावांबद्दल एक. 'बीर हकीम', 'बीर अल गोबी' मधलं बीर म्हणजे अरबीत विहीर. तळटीप द्याल तर बरं, पण सोबत हेही लिहा की नाव विहिरीचं असलं तरी पाणी असेलच असं नाही. बीर हकीमची जुनी टाकी कोरडी होती; तिथली फ्रेंच शिबंदी पंधरवडाभर टिकली ती बाहेरून येणाऱ्या पाण्यावर, आणि १०-११ जून १९४२ च्या रात्री वेढा फोडून निघाली.

षट्कोनी

घेतलं. सूचनांच्या ओळी आता अशा:

'चणचण: हालचाल जपून.'
'तुटवडा: हल्ला करू नका.'
'खडखडाट: युनिट जागेवर खिळलं.'

आणि कारणाची ओळ त्याखाली: 'रसद आटली / अडली / तुटली / उधळली.' एक अडचण उरली. पुरवठा अधिकाऱ्याच्या पुठ्ठ्याला 'कारखानीस' लिहिलं होतं, किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कोठारं सांभाळणारा कारखानीस असत म्हणून. तपासणाऱ्या दोघांनी विचारलं, वाळवंटात कारखाना कुठून आला?

अर्धविराम

'कोठावळा' करा.

मोडीवाचक

कोठावळा धान्याच्या कोठाराचा. पेट्रोल त्याच्या अखत्यारीत नव्हतं. पण कारखान्यापेक्षा बरा.

टिनपाट

पेट्रोलच्या टाक्यांवर बसलेला कोठावळा चालेल. फक्त पुठ्ठ्यावरचं घोड्याचं चित्र काढा, तिथे ट्रक टाका.