शब्दचर्चा: बँडनंतरचा ‘मेलो’ अल्बम मराठीत कसा लिहावा?

धरमपेठ: ख्रिस कॉर्नेलच्या १९९९ च्या ‘युफोरिया मॉर्निंग’ अल्बमवर मराठीत ओळखपर लेख करायचा आहे. पहिल्याच वाक्याला अडलोय: ‘बँड सोडल्यावर या रॉक गायकाने मेलो सोलो अल्बम काढला.’ इंग्रजी ‘मेलो’साठी (mellow) शांत, संथ, मृदू, मवाळ यांतलं काय घ्यावं?

महाल: आधी ‘सोडल्यावर’ बदला. ‘सोडला’ म्हटलं की बँड मागे उरतो. पीटर गेब्रिएलने १९७५ मध्ये जेनेसिस हा बँड सोडला, हे चोख, कारण ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला आणि जेनेसिस पुढे चालला. कॉर्नेलच्या साउंडगार्डन बँडचं तसं नाही, १९९७ मध्ये अख्खा बँडच थांबला. ‘फुटला’ही नको, त्यात दोन गट पडल्यासारखं वाटतं. ‘मोडला’ नेमकं बसतं. मोडलेलं पुन्हा जुळतं, आणि २०१० मध्ये ते जुळलंही.

सीताबर्डी: ‘मवाळ’ मला पटत नाही. जहाल-मवाळ ही जोडी डोक्यातून जात नाही. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन तर आधी आपल्या नागपूरलाच ठरलं होतं, ते सुरतेला हललं आणि तिथे फूट पडली. शतक उलटलं तरी मवाळ म्हटलं की मतं सौम्य असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. या अल्बमचे शब्द सौम्य नाहीत, बरेच काळोखे आहेत. सौम्य झालाय तो नाद. ‘शांत’ तर एकदमच बाद, गाणारा पूर्ण ताकदीने गातो तिथे शांत कसं म्हणणार?

प्रतापनगर: मग ‘संथ’ काहून नाही? मेलो गाणी धिमीच तं असतात.

सीताबर्डी: संथ म्हणजे लय. ती मोजता येते: १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा. ब्लॅक सॅबथचं १९७० चं, बँडच्याच नावाचं गाणं सुरुवातीला फार संथ आहे, पण त्याला कुणी मेलो म्हणणार नाही. फरक गिटारमध्ये आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं, लावून सा-ग-प हा पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) वाजवला की स्वर एकमेकांत मिसळून नको ते जादा स्वर तयार होतात आणि गिचका होतो. म्हणून रॉकवाले ‘ग’ गाळतात आणि नुसते सा-प वाजवतात, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. डिस्टॉर्शन उतरवलं की ‘ग’ला जागा मिळते. तो शुद्ध की कोमल हे कानाला कळतं, वर ‘नी’ही ठेवता येतो. मेलोपणा बराचसा या परतलेल्या गंधारात आहे. लय तीच ठेवून हा एवढाच बदल केला तरी गाणं वेगळं वाटतं.

दुसरी गोष्ट माइकची. ओरडून गाताना गायक माइकपासून वीतभर मागे सरतो. हळू गाताना तो दोन-तीन बोटांवर येतो आणि नेहमीच्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकमध्ये तेवढ्या जवळून खर्ज वाढतो, त्याने आवाज गोल होतो. मात्र फार जवळ गेलं की ‘प’, ‘ब’ फुटतात, तोंडापुढे जाळी लावावी लागते. तुमच्या लेखात गायनाचं वर्णन असेल तर तिथे ‘गोल आवाज’ लिहा, गाणारे तेच म्हणतात.

इतवारी: माझं मत ‘निवलेला’. चहा निवतो, राग निवतो. आधी ताप होता हे शब्दातच येतं, आणि ‘मृदू’त नेमकं तेच नाही. फक्त ‘निवळलेला’ लिहू नका. निवळतं ते गढूळ पाणी किंवा वाद. त्याने साउंडगार्डनचं संगीत गढूळ होतं असा अर्थ निघेल, आणि तो अन्याय होईल.

महाल: शब्द सुरेख आहे, पण तो गायकाला लावू नका. २००२ मध्ये रेज अगेन्स्ट द मशीन बँडच्या तिघांसोबत कॉर्नेलच्या ऑडिओस्लेव्ह या नव्या बँडचा पहिला अल्बम आला, तो चांगलाच दणदणीत आहे. गायक निवला नव्हता. ‘निवलेल्या सुरांचा अल्बम’ म्हणा. ‘एकल’ चालेल, पण हा अल्बम एकट्याने केलेला नाही. इलेव्हन बँडचे अलेन योहानेस आणि नताशा श्नायडर निर्मितीत आणि वादनात बरोबरीने होते. त्यांची नावं पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या.

धरमपेठ: ‘साउंडगार्डन मोडल्यावर दोन वर्षांनी कॉर्नेलने निवलेल्या सुरांचा पहिला एकल अल्बम काढला.’ हे ठेवतो. आता नाव ‘युफोरिया मॉर्निंग’ एवढंच लिहिलं तर पुरे?

इतवारी: नाही पुरत. १९९९ च्या मुखपृष्ठावरचं मॉर्निंग म्हणजे सकाळ. २०१५ च्या पुनर्प्रकाशनात एक अक्षर वाढवून तिथे शोक हा अर्थ आणला, कॉर्नेलला मुळात तेच नाव हवं होतं. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा दर वेळी पुढे वर्ष लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘सकाळ’ की ‘शोक’ तेही सांगा, नाहीतर वाचक नेमकी कुठली आवृत्ती शोधणार?