ड्युरांटचा सौदा म्हणजे ब्रुकलिन नव्हे

एनबीएत (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये) केविन ड्युरांटसाठी ह्यूस्टन संघाने भविष्य गहाण टाकलं, आता ब्रुकलिन संघासारखी गत होणार, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. ब्रुकलिनने २०१३ मध्ये गार्नेट आणि पिअर्ससाठी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) दिले, वर २०१७ च्या पिकची अदलाबदल करायची मुभा. त्यातूनच बॉस्टनला जेलन ब्राउन आणि टेटम हे तारे मिळाले.

ड्युरांटच्या बदल्यात ह्यूस्टनने २०२५ मध्ये फिनिक्सला काय दिलं? जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच. तो दहावा पिकही मुळात फिनिक्सचाच, म्हणजे ज्याचा माल त्यालाच परत! शेंगून, आमेन थॉम्पसन, जबारी स्मिथ ही तरुण मंडळी घरातच राहिली. याच ड्युरांटसाठी फिनिक्सने २०२३ मध्ये ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक मोजले होते.

ग्रीनसाठी हळहळणाऱ्यांनी २०२५ च्या प्लेऑफमधला (बाद फेरीतला) वॉरियर्सविरुद्धचा निर्णायक सातवा सामना आठवावा. ८ गुण! हंगामात ५२ सामने जिंकून आलेला ह्यूस्टनचा संघ, पण अडल्या वेळी हक्काने बास्केट करणारा कोणी नाही. ड्युरांटचं तसं नाही. २०१९ ला अकिलीस (टाचेमागची शीर) फाटूनही त्याचा जंपर (उडी घेऊन मारलेला शॉट) तसाच राहिला, कारण तो पायांच्या वेगावर नाही, उंचीवर चालतो. समोरच्याचा हात तिथवर पोचतच नाही.

मला धास्ती वेगळीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ह्यूस्टनचा खेळ चालवणाऱ्या व्हॅनव्हलीटचा गुडघा गेला. मग चेंडू पुढे आणायचा कोणी? ते ओझंही ३७ व्या वर्षी ड्युरांटवरच पडलं, तर मात्र तुमचं म्हणणं निमूट मान्य करेन.